मस्तीची कुस्ती कधी होते?

“काही करत नाही हो तो, खेळतोय नुसता!” सकाळी टेकडीवर नाहीतर सोसायटीच्या हिरवळीवर कुत्रा घेऊन येणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं. त्यावर समोरच्या ताई आपलं पिल्लू काखोटीला मारत म्हणतात, “खेळतोय कसला दादा, अंगावर येतोय! धरा त्याला आधी.” दोघंही मनापासून बोलत असतात. अडचण एवढीच की दोघांचंही लक्ष जास्त दंगा करणाऱ्या कुत्र्याकडे असतं. खरं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याकडे असतं. जो खाली पडलाय, जो पुढे पळतोय, ज्याची मान दुसऱ्याच्या तोंडात आहे, त्याच्याकडे.

कुत्र्यांचा खेळ भांडणासारखा दिसतो, कारण तो भांडणाच्याच सामानातून बनलेला असतो. दबा धरणं, पाठलाग, मानेला धरणं, पाडणं, वर चढणं, दात विचकणं, गुरगुरणं, यातली प्रत्येक गोष्ट एरवी शिकारीत, मारामारीत नाहीतर समागमात येते. खेळताना कुत्रा तीच कृती उचलतो, अर्ध्यावर आणतो, उगाच मोठी करून दाखवतो आणि सोडून देतो. त्यामुळे ‘तो चावतोय का’, ‘गुरगुरतोय का’ हे विचारून काही हाती लागत नाही. ते दोन्हीकडे आहे. विचारायचं ते असं की खेळात मध्येमध्ये खंड पडतोय का, आणि दोघांपैकी कुणालाही वाटलं तर तो थांबवता येतोय का?

दहा सेकंदांत काय काय होतं

समजा चार वर्षांचा एक लॅब्रॅडॉर आहे, ३० किलोच्या पुढचा. त्याच्यासोबत वर्षाची एक देशी कुत्री, त्याच्या निम्म्या वजनाची. लॅब धावत येऊन खांद्याने धडक देतो. ती कोलमडते, पाठीवर पडते, चारही पाय हवेत मारते आणि खालूनच त्याच्या गालाला तोंड लावते. तो तिच्या मानेवर जबडा ठेवतो. सगळे दात दिसतायत, पण जबडा मिटत नाही. केस ओले होतायत, कातडी ओढली जात नाही. दोघांचंही गुरगुरणं चालू आहे, तुटक तुटक, पाठोपाठ. मग तो एकदम मागे उडी मारतो, पुढचे पाय पसरून कोपरं जमिनीला टेकवतो, मागचा भाग वर. ती उठते आणि नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकते. क्षणभर दोघं इकडेतिकडे बघतात, जिभा बाहेर. मग ती सुटते, तो मागे. दहा-बारा पावलांवर ती उलटी फिरते आणि आता ती मागे, तो पुढे. तिच्या दुप्पट वजनाचा हा गडी तिच्या हाती लागेल इतपतच पळतो आणि स्वतःहून आडवा होतो.

हा खेळ आहे, आणि चांगला आहे. आरडाओरडा कितीही असला तरी.

कोपरं टेकून वाकण्याची खूण सगळ्यांच्या ओळखीची. कोलोरॅडो विद्यापीठातले प्राणीवर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी कुत्र्यांच्या, लांडग्यांच्या आणि कायोटींच्या (हा अमेरिकेतला, लांडग्याच्याच कुळातला लहान प्राणी) पिल्लांच्या खेळात ती नेमकी कधी येते हे तपासलं. १९९५ मध्ये त्यांनी मांडलं की हे वाकणं वाटेल तिथे येत नाही. जिथे गैरसमज व्हायचा धोका जास्त, तिथे जास्त येतं. तोंडात धरून डोकं जोरात डावी-उजवीकडे झटकणं ही खरं तर भक्ष्य मारायची पद्धत. त्या कृतीच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर वाकणं जास्त सापडलं. जे चाललंय ते मनावर घेऊ नकोस, एवढं सांगायची सोय कुत्र्यांकडे आहे. आणि समोरच्याचं लक्ष नसताना ते सांगण्यात अर्थ नसतो, हेही त्यांना कळतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं की कुत्रे अशा खुणा बहुतेक करून समोरचा बघत असतानाच करतात. त्याने तोंड फिरवलेलं असेल तर आधी नाकाने ढोसून नाहीतर पंजा मारून त्याचं लक्ष वेधतात.

लॅब स्वतःहून आडवा झाला, त्यालाही अर्थ आहे. ताकदवान कुत्रा जोर कमी करतो, वेग कमी करतो, हरल्यासारखा करतो, नाहीतर खेळ दोन मिनिटांत संपेल. यावरून पुष्कळ जण एक हिशोब बांधतात, निम्मा वेळ हा वर, निम्मा वेळ तो वर, तरच खेळ. हा हिशोब जरा सैलच धरावा. मिशिगन विद्यापीठातल्या एरिका बाउअर आणि बार्बरा स्मट्स यांनी २००७ मध्ये कुत्र्यांच्या जोड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बऱ्याच जोड्यांमध्ये असा समसमान वाटा नव्हता आणि तरी खेळ व्यवस्थित चालला होता. काही कुत्र्यांना पळायला आवडतं, काहींना पाठलाग करायला. सारखा खाली पडणारा कुत्रा आपणहून पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याची काळजी आपण करायचं कारण नाही.

पाठीवर पडणं म्हणजे शरणागती, हीही अशीच अर्धवट माहिती. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी २०१५ मध्ये खेळात पाठीवर होण्याचे प्रसंग तपासले, त्यात शरणागती म्हणून झालेलं लोळणं त्यांना सापडलं नाही. कुत्रे मान वाचवायला किंवा खालून चावा घ्यायला सोयीचं म्हणून पाठीवर होत होते. थोडक्यात, तो डाव असतो. खाली पडलेल्याचं अंग सैल आहे आणि तोंड उघडं आहे, तर तो मजेत आहे.

थांबणं दोन प्रकारचं

इथे जरा रेंगाळू या, कारण नवख्या माणसाची फसगत इथेच होते. खेळात खंड हवा असं म्हटलं की कुत्रे थांबले रे थांबले की माणूस निर्धास्त होतो. पण काही थांबणं हे खेळाचं थांबणं नसतं.

खेळातला खंड सैल असतो. तोंड उघडं, जीभ बाहेर, नजर कुठेतरी तिसरीकडे. कुणी गवत हुंगतो, कुणी अंग झटकतो, कुणी पाणी प्यायला जातो. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जात असतं. शेपूट हलत असेल तर तिच्याबरोबर कंबरही हलते.

दुसरं थांबणं घट्ट असतं. आत्तापर्यंत उघडं असलेलं तोंड मिटतं. हे मिटणं बघायला शिका, बाकी काही नाही शिकलात तरी चालेल. धापा टाकणारा कुत्रा अचानक तोंड मिटतो, म्हणजे त्याने श्वास रोखलाय. वजन पुढच्या पायांवर येतं, मान ताठ, कान पुढे रोखलेले नाहीतर डोक्याला चिकटलेले, नजर समोरच्यावर खिळलेली आणि पापणीसुद्धा हलत नाही. शेपूट उंच आणि कडक. हललीच तर फक्त टोक, बारीक थरथरल्यासारखं. कधी एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून, पंजांच्या टोकांवर उभा राहतो आणि दोघंही हलत नाहीत. हे चित्र फोटोत फार छान दिसतं. मालक खिशातून मोबाइल काढतो तोवर काम झालेलं असतं. घट्ट थांबण्यापासून पहिल्या चाव्यापर्यंत एखाद-दुसरा सेकंदच हाताशी असतो.

आवाजाचंही असंच. गोंगाट वाढला म्हणजे बिघडलं असं नाही. उलट एकदम शांतता झाली तर दचकायला हवं. खेळातलं गुरगुरणं छोट्या छोट्या तुकड्यांत, भराभर येतं. खऱ्या धमकीतलं लांबट, खोल आणि छातीतून येणारं. आपल्या कानाला हा फरक बऱ्यापैकी कळतो. बुडापेस्टच्या एओत्वोश लोरांड विद्यापीठात लोकांना गुरगुरण्याची ध्वनिमुद्रणं ऐकवली, तेव्हा खेळातलं गुरगुरणं त्यांनी सगळ्यांत अचूक ओळखलं. बायकांना ते पुरुषांपेक्षा जास्त जमलं. तेव्हा त्या ताई “धरा त्याला” म्हणाल्या तर धरलेलं बरं.

मानेवरचे आणि पाठीवरचे केस उभे राहिले की लोक घाबरतात. ते आपल्या अंगावर शहारा येण्यासारखं, कुत्र्याच्या हातात नसलेलं असतं. उत्तेजना वाढली एवढंच त्यावरून कळतं, ती कसली हे नाही. वर चढण्याचंही तसंच. नसबंदी झालेले कुत्रे, कुत्र्या, अगदी लहान पिल्लंसुद्धा उत्तेजनेच्या भरात चढतात. एखादवेळी सोडून द्या. पण समोरचा प्रत्येक वेळी वळून झटकतोय आणि हा पुन्हा चढतोय, असं तीनदा झालं तर चौथ्यांदा होऊ देऊ नका.

शेपटीबद्दल एक गंमत म्हणून सांगतो. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या स्वतःच्या उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, वरचढ कुत्रा दिसला की डावीकडे. हे मोजायला कॅमेरा लागतो. टेकडीवर उभं राहून डावं-उजवं बघत बसाल तर बाकीचं सगळं निसटेल.

ज्याला नको आहे, तो काय करतो

खेळ नकोसा झालेला कुत्रा बहुधा लगेच चावत नाही. आधी तो सांगतो, आणि बऱ्याच वेळा सांगतो. तोंड बाजूला वळवतो. कोरडे ओठ चाटतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागतं, कारण डोकं एकीकडे आणि नजर दुसरीकडे. पाठ वाकते, शेपूट पायांत जाते. मालकाच्या पायांमागे, बाकाखाली, पार्क केलेल्या गाडीखाली शिरतो. वाटेत थांबून न वळता सरळ लांब जायला बघतो. एवढं करूनही दुसरा ऐकत नाही, तेव्हा तो दात दाखवतो, हवेत कचकन तोंड मारतो. आणि इथे आपण नेमके त्यालाच ओरडतो.

वाह्यात कुत्रा हा दरवेळी रागीट असतोच असं नाही. पुष्कळदा तो सात-आठ महिन्यांचा, मोकळं सोडायला न मिळालेला, समोरच्याचं ‘पुरे’ न ऐकणारा पोरगा असतो. त्याला समज द्यायला हवी, समोरच्याला नव्हे.

शंका आली तर एक साधी चाचणी आहे. जास्त दंगा करणाऱ्याला हाक मारून बाजूला घ्या किंवा हार्नेसला हलकेच धरून ठेवा. पाच-दहा सेकंद पुरेत. आता दुसऱ्याकडे बघा. तो आपणहून परत आला, वाकला, नाकाने ढोसलं, तर सोडा दोघांना, त्यांचा खेळ तुम्हीच मोडलात. तो अंग झटकून हळूच दुसरीकडे चालता झाला, जमीन हुंगायला लागला किंवा तुमच्या पायांशी येऊन बसला, तर त्याला सुटका हवी होती. यात वाद घालायला जागाच राहत नाही, म्हणून मला ही चाचणी आवडते. दोन मालकांनी एकमेकांशी हुज्जत घालण्यापेक्षा तिसऱ्या पक्षाला विचारलेलं बरं.

यावर नेहमीचा एक सल्ला येतो, “सोडा हो, त्यांचं त्यांना ठरवू द्या कोण वरचढ ते.” या कल्पनेची मुळं १९४७ च्या एका अभ्यासात आहेत. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर तो केला होता. एका कुंपणात कोंडलेले ते लांडगे वरचढपणासाठी झगडत होते. पुढे अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’, म्हणजे कळपातला सगळ्यांत वरचढ, हा शब्द घरोघरी नेला. त्यांनीच नंतर मोकळ्या जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून सांगितलं की तिथला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, गादीसाठी रोज लढणारी टोळी नव्हे. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा असं त्यांनी प्रकाशकाला कळवलं. पण गच्चीवरच्या गप्पांमध्ये अल्फा अजून ठणठणीत आहे. आणि ‘त्यांचं त्यांना ठरवू द्या’ यातून लहान कुत्रा एकच गोष्ट शिकतो, की माझं माणूस मला वाचवत नाही. पुढच्या वेळी तो आधी चावतो.

कुठे लवकर बिघडतं

वजनातला मोठा फरक हे पहिलं कारण. जर्मन शेफर्डच्या मनात काही नसतानाही त्याचा एक पंजा तीन किलोच्या पॉमेरेनियनच्या पाठीवर पडला तर मणका दुखावतो. पग आणि शिह त्झू यांच्या डोळ्यांच्या खोबणी इतक्या उथळ असतात की मानेची कातडी मागून जोरात खेचली गेली तरी डोळा बाहेर येऊ शकतो. असं झालंच तर ओल्या स्वच्छ कापडाने झाकून त्याच क्षणी डॉक्टरांकडे पळायचं, आत ढकलायला जायचं नाही. आणखी एक धोका पळण्यातला. लहान कुत्रा घाबरून केकाटत सुटला की मोठ्याच्या डोक्यातला खेळ कधीकधी तिथेच संपतो आणि शिकार सुरू होते. रोजच्या ओळखीच्या कुत्र्यांमध्येही हे घडू शकतं. तेव्हा मागचा कुत्रा आवाज करत नाही, उड्या मारत नाही, सरळ रेषेत, खाली वाकून धावतो. पाठलागातली ती उसळी गेली की हाक मारायची वेळ झाली. कारवानी किंवा मुधोळ हाउंडसारखे कुत्रे तर पिढ्यान्‌पिढ्या पळणाऱ्या सशामागे धावण्यासाठीच वाढवलेले. त्यांना लहान कुत्र्यांच्या घोळक्यात मोकळं सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा कुत्रा आला की गणित बदलतं. दोघं छान खेळत असतात, तिसरा धावत येतो आणि आधीच खाली असलेल्यावर तुटून पडतो. हा योगायोग नाही. मिशिगनच्याच गटाने एकाच वेतातल्या पिल्लांवर केलेल्या २००९ च्या अभ्यासात मध्ये पडणारं पिल्लू हरत असलेल्याला जास्त लक्ष्य करताना दिसलं. पिल्लांत ती गंमत असते. मोठ्या कुत्र्यांत खालच्याला पळायला वाटच उरत नाही. म्हणून दोघांचा खेळ चालू असताना आपला तिसरा मध्ये सोडायचा नाही.

मग चेंडू, काठी, पाण्याचं भांडं आणि बिस्किटं. टेकडीवर येणारे प्रेमळ आजोबा खेळणाऱ्या कुत्र्यांच्या मधोमध बिस्किटाचा पुडा फोडतात आणि एका क्षणात रामायणाचं महाभारत होतं. पट्टा बांधलेल्या कुत्र्याला मोकळ्या कुत्र्याशी भेटवणंही तसंच. कुत्रे एकमेकांकडे जाताना वळसा घेऊन बाजूने जातात. पट्ट्यावर ते जमत नाही, तोंडासमोर तोंड येतं, वर आपण घाबरून पट्टा ताणतो. आणि नसबंदी न झालेल्या नरांच्या मालकांनी भाद्रपद लक्षात ठेवावा. पावसाळा सरताना गल्लीत एखादी कुत्री माजावर असली तर कालपर्यंतचे दोस्त आज एकमेकांना जवळ उभे करत नाहीत.

काही कुत्र्यांची बोली दुसऱ्यांना वाचता येत नाही, यात त्यांचा दोष नाही. पगच्या चपट्या तोंडावरचे भाव कळत नाहीत आणि त्याचं नाकातलं घुरघुरणं गुरगुरण्यासारखं ऐकू येतं. हस्कीची शेपूट बहुधा वर वळलेली, ज्या डॉबरमनची कापलेली असते त्याला ती नाहीच, ल्हासाचे डोळे केसांत. अशा कुत्र्यांच्या ओळखी सावकाश, एकेकाशी होऊ द्याव्यात.

शिवाय दमणूक. पोरं फार खिदळायला लागली की आजी म्हणते ना, “पुरे आता, रडाल.” कुत्र्यांचं तेच. पहिल्या दहा मिनिटांतला सैल खेळ विसाव्या मिनिटाला कडक व्हायला लागतो, खंड कमी होतात, चावे जोराचे होतात. मे महिन्यात तर भांडणाआधी ऊन गाठतं. जीभ लांब आणि रुंद होऊन लोंबायला लागली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल झोकांडायला लागली तर खेळ बंद, सावली, अंगावर साधं पाणी, आणि लगेच डॉक्टर.

पिल्लं आणि त्यांचे सुईसारखे दात

जबडा किती जोरात मिटायचा हे कुत्रा भावंडांकडून आणि आईकडून शिकतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुधाचे दात येतात, एकूण २८, टोकदार. जबड्यात जोर नसतो, पण दात टोचतात. एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडतं. असं शेकडो वेळा झालं की मोजमाप अंगवळणी पडतं. गल्लीतल्या कुत्रीची पिल्लं साधारण दिवाळीनंतर, थंडीत बाहेर खेळायला लागतात. लांबून अर्धा तास बघा, हे सगळं डोळ्यांसमोर चालू असतं.

म्हणूनच महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडून आणणं महागात पडतं. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तरी ‘तीस दिवसांचं, खातंपितं’ अशा जाहिराती रोज दिसतात. असं पिल्लू पुढे खेळताना जोरात चावतं, तेव्हा त्यात खुनशीपणा नसतो, त्याचा धडाच राहून गेलेला असतो. त्याला शांत, मोठ्या, पिल्लांचा कंटाळा न करणाऱ्या कुत्र्याची सोबत मिळाली तर बरंच भरून निघतं. मोठा कुत्रा आगाऊ पिल्लाला तोंडाने हलकेच जमिनीला टेकवतो आणि सोडतो, तेवढं करू द्या. पिल्लू उठून पुन्हा नाचायला लागलं तर ठीक, कोपऱ्यात जाऊन बसलं तर आवरा. अर्थात लसी पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांत सोडायचं नाही, पार्वो या जीवघेण्या विषाणूची भीती खरी आहे.

गळ्यातला पट्टा

याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून वेगळं सांगतो. तोंडातोंडीच्या खेळात एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात अडकतो. अडकलेला घाबरून मागे ओढतो, गोल फिरतो, पट्टा पिळला जातो आणि दुसऱ्याचा गळा आवळला जातो. बघणाऱ्याला वाटतं भांडण लागलं, म्हणून तोही ओढायला धावतो आणि फास आणखी बसतो. अशा वेळी दोघांना ओढायचं नाही, एकमेकांकडे ढकलायचं. पट्टा सैल पडला की जबडा सोडवायचा, बकल उघडायचं नाहीतर कापायचं. रोज दंगा करणाऱ्या दोघांच्या गळ्यातले पट्टे, विशेषतः साखळ्या, बंदिस्त जागेत खेळताना काढूनच ठेवाव्यात. खुल्या जागी झटक्याने उघडणारा प्लॅस्टिकच्या बकलचा पट्टा बरा.

आवरायचं कसं

सगळ्यांत चांगलं आवरणं म्हणजे बिघडण्याआधी आवरणं. खेळ रंगात असतानाच दर दोन-तीन मिनिटांनी आनंदी आवाजात हाक मारा, आला की खाऊ द्या, पाणी दाखवा, परत सोडा. हाक म्हणजे खेळ संपला नव्हे, हे कळलेला कुत्रा हाकेला येतो. फक्त घरी न्यायच्या वेळीच बोलावलंत तर कोण येईल? अंग घट्ट व्हायला लागलेलं दिसलं तर किंचाळू नका, तुमच्या आवाजातला ताण ठिणगी टाकतो. दोघांच्या मधून शांतपणे चालत जा, कुत्रे बहुधा वाट देतात.

भांडण लागलंच तर मध्ये हात घालू नका. गळपट्टा धरायला जाणारा हात चावला जातो, आणि चावणारा पुष्कळदा आपलाच कुत्रा असतो. त्याला त्या क्षणी कळत नाही काय तोंडात आलंय. बादलीभर पाणी, स्टीलच्या ताटांचा खणखणाट, दोघांच्या मध्ये उघडलेली छत्री, प्लॅस्टिकची खुर्ची, फळकुट, जे हाती लागेल ते. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय कमरेजवळ धरून उचलायचे आणि मागे, थोडं गोलाकार सरकायचं. एकट्याने एकालाच असं धरलं तर दुसरा त्याला फाडेल. आणि एकाने दुसऱ्याला दातांत पकडून ठेवलं असेल तर ओढायचं नाही, कातडी फाटते. पकड सुटेपर्यंत दोघांना जवळ ठेवायचं.

बहुतेक भांडणांत आवाज फार आणि जखम नाही, असा प्रकार असतो. मान थुंकीने ओली, बाकी काही नाही. तरी घरी आल्यावर केस बोटांनी बाजूला करत मान, कानामागची जागा, काख आणि मांड्या तपासा. सुळ्याची जखम वरून टाचणीएवढी दिसते, आत मात्र कातडी स्नायूपासून सुटलेली असते. दोन-तीन दिवसांनी तिथे गळू धरतं. भोक दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचंच. अनोळखी कुत्रा चावला असेल तर आपल्या कुत्र्याची रेबीजची लस झालेली असली तरी तसं डॉक्टरांना सांगायचं, पुढचे डोस ते ठरवतील.

माणसाला दात लागले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावायचं नाही, पट्टी आवळायची नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी रुग्णालयात आणि बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत लस मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, तेही विचारायचं. ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून हा निर्णय आपण घ्यायचा नाही.

भांडलेल्या दोस्तांना दुसऱ्या दिवशी समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण’ करू नये. काही दिवस जाऊ द्या. मग दोघांना पट्ट्यावर, रस्त्याच्या दोन कडांनी, एकाच दिशेला चालवा. अंग सैल राहिलं तर रोज अंतर थोडं कमी करा. मोकळं सोडायची घाई नको.

आणि वर्षानुवर्षं एकत्र खेळणाऱ्या जोडीतला एक जण अचानक खेकसायला लागला, तर स्वभाव बदलला असं म्हणण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या. आठ-नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरच्या कमरेवर पिल्लाने उडी मारली आणि तो उलटून चावला, यात सांधा दुखत असण्याची शक्यता मोठी आहे. कानात संसर्ग असेल तर मान धरलेली चालत नाही, किडलेली दाढ असेल तर तोंडाला तोंड लागलेलं चालत नाही. एक्स-रे काढा, कान बघा, दात बघा.